रेघोबांचं स्थिरचित्र आणि शिंकणारी शाल

"या वर्षी माझं चित्र भिंतीवर लागलं नाही, तर मिशी उतरवीन!"

रेघोबांनी ही घोषणा केली तेव्हा घरातल्या कुणीही मान वर केली नाही. एक तर रेघोबांना मिशीच नव्हती. दुसरं म्हणजे हीच घोषणा गेल्या वर्षीही झाली होती, आणि त्या वेळी क्लासच्या मॅडमनी त्यांचं चित्र प्रदर्शनाला न लावता माठाखाली ठेवलं होतं. माठ गळत होता, त्यामुळे चित्राचा उपयोग मात्र झाला.

'रेघोबा' हे ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. का ठेवलं म्हणाल, तर गटारांचे, पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात या माणसाची अख्खी नोकरी गेली. हातात पट्टी, कानावर पेन्सिल आणि रेघ अशी सुतासारखी सरळ की बघत राहावं. पण नकाशाच्या खाली सही कुणाची? साहेबांची! रेघोबांचं नाव कुठंच नाही. निम्म्या शहराचं पाणी त्यांनी आखलेल्या वाटेनं वाहत होतं, पण नळ सोडताना त्यांची आठवण काढणारा एक माईचा लाल सापडला नसता. हे रेघोबांना आतून फार लागलं होतं हो! निवृत्त झाल्यावर त्यांना एवढंच हवं होतं, की एक भिंत असावी, तिच्यावर आपलं एक चित्र असावं आणि चित्राखाली आपलं नाव असावं.

म्हणून चित्रकलेचा क्लास लावला. पण हात ऐकेल तर ना! किटली काढली तरी ती पाण्याच्या टाकीसारखी दिसायची. मॅडम बिचाऱ्या ओरडून ओरडून थकल्या.

"काका, हात सोडा हो, हात! मोकळे फटकारे मारा!"

"सोडला की वाकडं जातं, मॅडम."

"जाऊ द्या ना वाकडं! आणि काका, मांडीखाली काय लपवलंय? पट्टी? द्या ती इकडे!"

यंदा तर मॅडमनी सरळ दम भरला होता. "घरातल्या टेबलावरच्या वस्तूंचं स्थिरचित्र करून आणा. रंग जाड हवा, हात बेफाम हवा, चित्र जिवंत हवं. पुन्हा नकाशा आणलात तर मी तो पाणीखात्याकडे पाठवून देईन!"

तर झालं असं, की रेघोबांनी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारा पिवळा टेबलक्लॉथ. त्यावर अॅल्युमिनियमची किटली, निळी बाटली आणि संत्री. बाजूला एक खुर्ची, आणि खुर्चीवर कलात्मक निष्काळजीपणानं टाकलेली तपकिरी शाल. हा निष्काळजीपणा साधायला रेघोबांना अख्खी सकाळ लागली. मग प्रत्येक वस्तूभोवती त्यांनी खडूनं रेघ मारली आणि घरच्यांना बोलावलं.

"चित्र पुरं होईपर्यंत या टेबलावरच्या एका जरी वस्तूला कुणाचा हात लागला, तर मी या घरात पाणीसुद्धा पिणार नाही!"

"आणि आम्ही जेवायचं कुठं?" बायकोनं विचारलं.

"कलेसाठी लोकांनी कान कापून दिले म्हणतात, तुम्हाला मांडीवर ताट घेता येत नाही?"

"माझं ऑफिसचं काम मी त्याच टेबलावर करते, बाबा!" लेक म्हणाली. तिचं ऑफिस म्हणजे लॅपटॉप, आणि लॅपटॉप जिथं ठेवाल तिथं ऑफिस.

"इस्त्रीच्या टेबलावर कर. उंची तीच आहे. मी मोजली आहे."

घरात चौथा माणूस होता तो म्हणजे मेहुणेबुवा. बायकोचा धाकटा भाऊ. ते दोन दिवसांसाठी म्हणून आले होते, फक्त कुठले दोन दिवस ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. ते संत्र्यांकडे बघत होते.

आता इथं रेघोबांचा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. नकाशाच्या धंद्यात एक नियम असतो: समोर जे आहे ते खरं. कागद आणि जागा यांत फरक पडला, तर चूक कागदाची. जागा कधी चुकत नाही. नोकरीभर रेघोबांनी हा नियम इतका पाळला होता, की एकदा त्यांच्या नकाशात नसलेली म्हैस जागेवर बसलेली दिसली, तर त्यांनी ती नकाशात घातली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं कसं नेटकं काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन बसले आणि थबकले. चित्रात सगळी संत्री होती. टेबलावर मात्र एक संत्रं लालबुंद झालेलं.

"असं कसं काढलं मी?" रेघोबा स्वतःवरच चरफडले आणि संत्र्यावर लाल रंग चढवला.

तो टोमॅटो होता. मेहुणेबुवांना पहाटे पोटात कावळे ओरडल्यामुळे जाग आली होती. संत्रं खाल्ल्यावर ते घाबरले, आणि स्वयंपाकघरात जे गोल दिसलं ते आणून खडूच्या वर्तुळात बसवलं. दुपारी पुन्हा कावळे ओरडले. या वेळी टोमॅटो संपले होते म्हणून बटाटा आला. रेघोबांनी निमूटपणे दुसऱ्या संत्र्याला मातकट केलं.

तोवर स्वयंपाकघरातही पेच पडला होता. चहाच्या भांड्याचा दांडा निखळला. चहाशिवाय बायकोचं डोकं उठायचं, आणि तिचं डोकं उठलं की घरात कुणाची धडगत नसायची. तिनं चोरपावलांनी किटली उचलली. पण खडूची रेघ रिकामी कशी ठेवायची? बाल्कनीत झाडांना पाणी घालायची झारी होती. तिलाही पोट, तिलाही चोच! "कुणाला कळतंय!" म्हणत तिनं झारी ठेवून दिली.

लेकीला आपली पाण्याची बाटली हवी होती. निळी बाटली तिचीच होती ना! इस्त्रीच्या टेबलापाशी बसून घसा कोरडा पडत होता. तिनं बाटली पळवली आणि जागी फरशी पुसायच्या औषधाची हिरवी बाटली उभी केली.

मजा म्हणजे यातल्या कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, पापी आपण एकटेच!

रेघोबा मात्र हादरले. किटलीची चोच एका रात्रीत हातभर वाढली होती. बाटलीचा रंग बदलला होता. त्यांनी चोच लांब केली, बाटली हिरवी केली. टेबलावर संशय घ्यायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. जागा कधी चुकते का? चुकत असतील तर डोळे! आणि डोळेच गेले, तर भिंत गेली, चित्र गेलं, नावही गेलं. रेघोबांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी हे सांगावं तर लेक उद्यापासून क्लास बंद करायला लावणार. म्हणून त्यांनी आडून आडून चौकशी करायची ठरवली. बायको भाजी निवडत होती.

"काय गं, टेबलावरची ती किटली... कशी वाटते तुला?"

बायकोच्या हातातली सुरी खाली पडली. "कशी म्हणजे? किटलीसारखी!"

"नाही म्हणजे, चोच जरा लांब नाही वाटत?"

"अहो, किटलीची चोच असते तेवढीच आहे! इतकी वर्षं चहा पिताय, कधी चोच बघितली नाहीत का? किटलीच आहे ती! शंभरदा सांगू का?"

"बरं, बरं. चिडतेस कशाला!"

मग ते इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. "बाळ, ती बाटली कुठल्या रंगाची आहे गं?"

लेकीनं आपली बाटली पायानं आत सरकवली. "निळी! अगदी निळीशार, बाबा! दुसऱ्या कुठल्या रंगाची असूच शकत नाही!"

शेवटी मेहुणेबुवा. "मेहुणे, टेबलावर संत्रीच आहेत ना?"

मेहुणेबुवांनी तोंडातलं काहीतरी घाईघाईनं गिळलं. "शपथ घेऊन सांगतो भावोजी, सगळी संत्रीच आहेत. मी काही मोजायला गेलो नव्हतो!"

संपलं! बायकोला किटली दिसते, लेकीला निळा रंग दिसतो, मेहुण्याला संत्री दिसतात, आणि आपल्याला झारी, हिरवा आणि बटाटा! रेघोबा बाल्कनीत जाऊन बसले आणि कुणी पाहत नाही असं बघून त्यांनी डोळे पुसले.

सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगून त्यांनी डोळ्यांचे डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. रेघोबांनी सगळी वाचली, शिवाय तळाची ओळ डावीकडे किंचित कललेली आहे हेही सांगितलं.

"अहो, ठणठणीत आहेत डोळे!" डॉक्टर म्हणाले. "तक्रार काय आहे?"

"किटलीच्या जागी झारी दिसते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथं झारीच असेल."

"असं कसं? माझी बायको म्हणते किटली आहे."

डॉक्टरही संसारी माणूस होते. त्यांनी वाद घातला नाही. "आतून तपासू या," म्हणाले आणि डोळ्यांत थेंब टाकले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, आतलं सगळं तपासून झालं आणि दोष काही सापडला नाही. "आता संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल. घाबरू नका. आज वाचन नको, बारीक काम नको."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मॅडम होत्या.

"काका, भिंती उद्या नाही, आजच भरायच्या आहेत. चित्र दुपारी पाठवा. नाही आलं तर तुमची जागा मी दुसऱ्याला देतेय!"

रेघोबा रिक्षात बसले. घर आलं हे त्यांना रिक्षावाल्यानं सांगितलं. दाराला किल्ली लावताना ते भोक सोडून सगळीकडे लावत होते, आणि त्या खुडबुडीनं घरात एकच धांदल उडाली.

कारण तोवर मॅडमनी घरीही फोन करून निरोप दिला होता. आज चित्र जाणार! म्हणजे आज बाबा वस्तू नीट निरखून बघणार! लेक निळी बाटली परत ठेवायला धावली, आणि दार वाजताच बाटलीसकट टेबलाखाली शिरली. तिथं तिची आई किटली छातीशी धरून आधीच बसलेली!

"आई? तू?"

"शूऽऽ! तू काय करतेयस इथं?"

मेहुणेबुवा तर शेवटचं संत्रं सोलत खुर्चीतच बसले होते. उठून पळायला वेळ नव्हता. त्यांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि श्वास रोखला.

रेघोबा आत आले. समोर सगळं धुकं. पिवळं काहीतरी, तपकिरी काहीतरी, मधे लुकलुकणारं काहीतरी. खडूच्या रेघा दिसेनात. बारीक ब्रश हाताला लागेना. शेवटी हाताला लागला तो कपाट रंगवायचा रुंद ब्रश, तोच त्यांनी रंगात बुडवला.

"जे दिसतंय ते काढायचं!" ते मोठ्यानं म्हणाले. नियम म्हणजे नियम!

फटकारा मारला. खुर्चीवरची शाल त्यांना भलतीच फुगलेली दिसली, म्हणून ती फुगवली. वर गोल दिसलं, गोल काढलं. तेवढ्यात टेबलाखालून एक हात वर आला, त्यानं चाचपत झारी खाली नेली आणि किटली वर ठेवली. रेघोबांना धुक्यात एवढंच दिसलं, की चोच या बाजूची त्या बाजूला गेली. त्यांनी चटकन तिकडेही चोच काढली. मग दुसऱ्या बाजूनं दुसरा हात आला आणि हिरवं गेलं, निळं आलं. रेघोबांनी हिरव्यावर निळं फासलं. टेबलाखाली मायलेकींची डोकी एकमेकींवर आपटली, टेबल हादरलं, टोमॅटो घरंगळला. रेघोबांनी घरंगळणारा टोमॅटोही सोडला नाही, त्याच्यामागे ब्रश घेऊन कॅनव्हासच्या कडेपर्यंत गेले!

ज्या माणसानं जन्मात पट्टीशिवाय रेघ मारली नाही, तो आता घामाघूम होऊन झाडू मारल्यासारखा ब्रश मारत होता. स्थिर वस्तू स्थिर बसत नव्हत्या, त्याला रेघोबा काय करणार?

आणि शाल शिंकली.

चांगली सणसणीत शिंकली! रेघोबांचा ब्रश हवेत थांबला.

"देवा! डोळे गेले, आता कानही गेले! उरलेलं जायच्या आत चित्र पुरं केलं पाहिजे!"

त्यांनी दुप्पट वेगानं उरलेला रंग ओतला, कोपऱ्यात अंदाजानं नाव लिहिलं, आणि ओल्या रंगासकट चित्र उचलून ते रिक्षा शोधत बाहेर पडले. त्यांच्या मागे टेबलाखालून दोघी आणि शालीखालून एक असे तिघं बाहेर आले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुणेबुवांच्या हातात संत्र्याची साल होती. कोण कुणाला बोलणार? चोरांचीच आळंदी सगळी!

प्रदर्शनाला रेघोबा गेले तेव्हा थेंबांचा अंमल कधीच उतरला होता. आपलं चित्र माठाखाली असणार अशी मनाची तयारी करूनच ते आत शिरले. मागे घरचे तिघं, माना खाली घालून.

आणि समोरच्या भिंतीवर, अगदी मधोमध, सगळ्यात मोठ्या दिव्याखाली रेघोबांचं चित्र! भोवती गर्दी! खाली पाटीवर त्यांचं संपूर्ण नाव, ठळक अक्षरांत! रेघोबांनी ते नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्यांना रडूच आलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांदेखत रडले.

"काका!" मॅडम धावत आल्या. "काय फटकारे! काय हात सुटलाय! एकाच किटलीला दोन चोची, म्हणजे घरातली ओढाताण! निळ्याखालून डोकावणारं हिरवं! हे पळणारं फळ! आणि तो शालीखालचा माणूस... भुकेला, ओशाळलेला, चोरासारखा अंग चोरून बसलेला. कसा पकडलात हो तो भाव? परीक्षकांनी व्यक्तिचित्राचं पहिलं बक्षीस दिलंय तुम्हाला!"

"व्यक्तिचित्र?" रेघोबा गोंधळले. "मी तर खुर्ची काढली. कुठला माणूस?"

मेहुणेबुवा खाकरले. "भावोजी... तो माणूस म्हणजे तसा... मीच."

"संत्रीचोर!" बायको भावावर कडाडली. "आणि हा टोमॅटो कुणी ठेवला?"

"मीच. बटाटाही माझाच. पण ताई, ती झारी कुणी ठेवली?"

"झारी?" रेघोबा एकदम ओरडले. "म्हणजे ती झारीच होती?"

बायको पदराशी चाळा करू लागली. लेक छताकडे बघू लागली. "बाबा, बाटली पण हिरवीच होती," ती हळूच म्हणाली.

रेघोबांना प्रचंड संताप आला. त्यांनी ओरडण्यासाठी तोंड उघडलंसुद्धा. पण मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपले डोळे ठीक आहेत! आपण जे दिसलं ते बरोबर काढलं होतं, अगदी शेवटच्या बटाट्यापर्यंत! आणि दुसरं असं ध्यानात आलं, की इथं ओरडलो तर खरा प्रकार गावभर होऊन बक्षीस जाईल. त्यांनी तोंड मिटलं.

"या माणसाला बसवायला किती त्रास झाला असेल ना?" कुणीतरी विचारलं.

"छे हो," रेघोबा म्हणाले, "त्याला उठवणंच अवघड आहे."

मॅडमनी त्यांचा हात धरला. "काका, पुढच्या प्रदर्शनात ही अख्खी भिंत तुमची! पण हात असाच हवा बरं का! नकाशा आणलात तर भिंत दुसऱ्याची!"

इथपर्यंत सगळं छान झालं. पण दुसऱ्या दिवशी रेघोबा नव्या कॅनव्हाससमोर बसले आणि हात पुन्हा सुतासारखा सरळ! किटलीची टाकी झाली, खुर्चीचा पूल झाला. घरच्यांनी पापक्षालन म्हणून जिवापाड मदत केली. बायकोनं किटलीच्या जागी चपला ठेवून पाहिल्या. लेकीनं टेबलाखाली बसून टेबल हलवलं. मेहुणेबुवा तर आपण होऊन शालीखाली बसले आणि मधूनमधून शिंकले. काही उपयोग नाही! रेघोबांनी चपला काढल्या, त्याही हुबेहूब, टाचा झिजल्या होत्या तेवढ्याच झिजलेल्या. सगळं इतकं लख्ख दिसत होतं, की हात सोडायची सोयच नव्हती.

शेवटी ते मुकाट्यानं उठले, चपला घातल्या आणि गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दारातच ओळखलं.

"या, या! आता काय त्रास होतोय?"

रेघोबा खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे सताड उघडले आणि काकुळतीला येऊन म्हणाले,

"डॉक्टर, फार वाईट अवस्था आहे हो! सगळं स्पष्ट दिसतंय!"